पडद्यावरची बंदूक केव्हाची?

ऐतिहासिक चित्रपट पाहून बाहेर पडणारी माणसं एक प्रश्न हमखास विचारतात: "त्या काळी अशी बंदूक होती का हो?" काउबॉय चित्रपट पाहणाऱ्यांचा प्रश्न वेगळा असतो. नायक घोड्यावरून दौडत इतक्या गोळ्या झाडतो, तर त्या संपत कशा नाहीत? हे दोन्ही प्रश्न एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतात. एक गोळी झाडल्यावर दुसरी झाडायला किती वेळ लागतो, हे कळलं की पडद्यावरची कुठलीही बंदूक कोणत्या काळातली आहे ते ओळखता येतं. लढाईचा निकालही बऱ्याचदा याच वेळेने ठरवला आहे.

हे समजून घ्यायला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. पुणे जिल्ह्यातला शिरूर तालुका पुरेसा आहे. भीमेच्या काठी वरच्या अंगाला कोरेगाव आणि खालच्या अंगाला मांडवगण फराटा, अशी या तालुक्यातली गावं आहेत. १८१८ची कोरेगावची लढाई याच नदीकाठी झाली आणि १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांनी पहिला छापा घातला तो याच तालुक्यात. या दोन तारखांमध्ये साठ-एकसष्ट वर्षांचं अंतर आहे. तेवढ्या काळात जगातली बंदूक ओळखू येणार नाही इतकी बदलली.

१. तोड्याची बंदूक

बंदुकीची जुनी दारू तीन जिनसांची असते: साधारण पंचाहत्तर टक्के सोरा, पंधरा टक्के कोळसा आणि दहा टक्के गंधक. नळीच्या तळाशी दारू घालायची, वर शिशाची गोळी सोडायची आणि गजाने ठासायचं. नळी बुडाशी बंद असते, म्हणून सगळं तोंडाकडूनच भरावं लागतं. ठासणीची बंदूक म्हणतात ती हीच. पुढचा प्रश्न म्हणजे आत बंदिस्त झालेल्या दारूपर्यंत आग न्यायची कशी?

पहिलं टिकाऊ उत्तर होतं तोडा. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी ज्योतीने जळत नाही, टोकाशी धुमसत राहते. दिवाळीत फटाका पेटवायला आपण उदबत्ती हाती धरतो, तेच काम हा तोडा करतो. नळीच्या बुडाशी बाहेरून एक छोटी वाटी असते आणि तिच्यातून आत जाणारं बारीक भोक, म्हणजे बंदुकीचा कान. वाटीत चिमूटभर बारीक दारू घालायची, तिला रंजक म्हणतात. चाप ओढला की तोड्याचं धुमसतं टोक रंजकीवर टेकतं, रंजक पेटते, आग कानातून आत जाते आणि बार उडतो.

शिवकाळातली हातातली बंदूक प्रामुख्याने ही होती. कोकणातले हेटकरी या बंदुकीचे नेमबाज म्हणून नावाजलेले होते. आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकांची नळी लांब असे आणि नेम चांगला लागे. वेग मात्र बेताचा होता. सरावलेल्या माणसालाही एका बारासाठी मिनिटभर सहज लागे.

या बंदुकीचे दोन मोठे शत्रू होते, पाऊस आणि रात्र. पावसात तोडा विझतो आणि रंजक भिजते. १२-१३ जुलै १६६०च्या रात्री शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून निघाले, ते दिवस भर पावसाळ्याचे. चिखलातून धावणाऱ्या माणसाने धुमसती दोरी कोरडी ठेवायची म्हणजे जवळजवळ अशक्य. हे लक्षात घेतलं की गजापूरच्या खिंडीतली झुंज तलवार, भाला आणि अंगच्या ताकदीवर का लढली गेली, ते समजायला सोपं जातं. भालजी पेंढारकरांनी १९५६ साली ‘पावनखिंड’ केला आणि २०२२ मध्ये दिग्पाल लांजेकरांनी त्याच नावाचा चित्रपट केला. या प्रसंगात पाऊस निव्वळ वातावरणापुरता नाही. तो बंदुका गप्प करतो, म्हणजे लढाईचा भाग आहे.

रात्रीची अडचण वेगळी. अंधारात तोड्याचं लाल टोक लांबून दिसतं आणि त्याचा वास वाऱ्यावर पसरतो. फेब्रुवारी १६७०मध्ये तानाजी मालुसऱ्यांची माणसं रात्री सिंहगडाचा कडा चढली. अशा चढाईत धुमसता तोडा बरोबर नेला, तर पहारेकऱ्याला आपण होऊन खबर दिल्यासारखंच. बाबूराव पेंटरांनी १९२३ साली ‘सिंहगड’ हा मूकपट काढला, तेव्हापासून हा प्रसंग मराठी पडद्यावर आहे. एखाद्या दिग्दर्शकाने तटावरच्या पहारेकऱ्याच्या हातातलं ते लाल टोक खालून, चढणाऱ्यांच्या नजरेने दाखवावं. अंधारातही पहारा नेमका कुठे आहे, ते मावळ्यांना आणि प्रेक्षकांना एकदमच कळेल.

२. दाताने फाडायचं काडतूस

पुढची पायरी चकमकीच्या बंदुकीची. तिच्यात तोडा नाही. बंदुकीच्या घोड्याच्या, म्हणजे चापाला जोडलेल्या आणि पुढे झेपावणाऱ्या भागाच्या, तोंडात गारेचा तुकडा पकडलेला असतो. चाप ओढला की घोडा झेपावतो, गार पोलादी पट्टीवर घासते, ठिणग्या रंजकीत पडतात. दोरी सांभाळायची कटकट गेली आणि शेजाऱ्याच्या तोड्याने आपली दारू पेटायची भीतीही गेली, म्हणून शिपाई खांद्याला खांदा लावून उभे राहू शकले. अठराव्या शतकात युरोपात हीच बंदूक चालली. आपल्याकडे गारद्यांच्या कवायती पलटणींनी ती आणली आणि महादजी शिंद्यांनी द बॉयन्या या युरोपीय सेनानीच्या हाताखाली अशा पलटणी मोठ्या प्रमाणावर उभ्या केल्या.

ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायाकडे ‘ब्राऊन बेस’ नावाने ओळखली जाणारी चकमकीची बंदूक असे. तिच्या नळीचं तोंड पाऊण इंच रुंद आणि वजन चार किलोंच्या वर. ती भरायची कशी, ते सावकाश पाहू.

कमरेच्या पेटीतून कागदाची पुडी काढायची. तिच्यात मोजून घातलेली दारू आणि एक गोळी असते, हेच काडतूस. पुडीचं टोक दाताने फाडायचं. थोडी दारू वाटीत टाकून वाटीचं झाकण लावायचं. बंदूक उभी धरून उरलेली दारू नळीत ओतायची, मागोमाग गोळी आणि कागद. गज उपसायचा, ठासायचं, गज जागेवर सरकवायचा. बंदूक खांद्याशी आणायची, घोडा पूर्ण मागे ओढायचा, मग चाप. तालमीतला शिपाई हे सगळं वीस सेकंदांत करी, म्हणजे मिनिटाला तीन बार. गोळी नळीपेक्षा अंमळ लहान असल्याने सुटताना हेलकावे खाई. शंभर पावलांपलीकडे एका माणसावर नेम धरण्यात फारसा अर्थ नसे.

आता एक छोटा हिशेब करू. दौडत येणारा घोडा मिनिटाला साधारण चारशे मीटर जातो. शंभर मीटरचं अंतर तोडायला त्याला पंधरा सेकंद लागतात आणि बंदूक पुन्हा भरायला लागतात वीस. म्हणजे अंगावर येणाऱ्या स्वारावर एकट्या शिपायाला एकच बार मिळतो. तो चुकला की हाती उरते ती नळीच्या टोकाची संगीन. म्हणून एकटा बंदूकवाला मैदानात जवळजवळ निरुपयोगी असे. एका रांगेने बार काढायचा आणि तेवढ्यात दुसरीने भरायचं, असं आळीपाळीने चाललं तरच घोडदळ थोपवता येई. कवायतीचा सगळा खटाटोप या पाच सेकंदांच्या तफावतीसाठी होता.

कोरेगावात १ जानेवारी १८१८ला हेच पाहायला मिळतं. कंपनीची सुमारे आठशेंची फौज कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली आदल्या रात्री शिरूरहून निघाली होती. रात्रभर चालून सकाळी ती भीमेकाठी पोहोचली, तेव्हा पलीकडे दुसऱ्या बाजीरावांचं हजारोंचं सैन्य दिसलं. फौजेने कोरेगाव गावाचा आसरा घेतला. बरोबर सहा पौंडी गोळ्याच्या दोन तोफा होत्या. पायदळ मुंबई इलाख्याच्या पलटणीचं आणि त्यात महार शिपायांची संख्या मोठी. पेशव्यांच्या बाजूने गावात शिरलेल्या पायदळात अरब होते. तोड्याच्या बंदुकीने नेम धरून लढणारे म्हणून त्यांची ख्याती होती. दुपारपासून रात्रीपर्यंत गल्ल्यांत आणि भिंतींआडून झुंज चालली. कंपनीच्या बाजूचे सुमारे पावणेतीनशे मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले.

या लढाईच्या हकिकतींत पाण्यावाचून झालेल्या हालांचा उल्लेख येतो. रात्रभराची चाल झाली होती, दिवसभर लढाई चालली आणि हाकेच्या अंतरावरच्या नदीचं पाणी मिळत नव्हतं. त्यात काडतूस दाताने फाडावं लागत होतं. प्रत्येक पुडीबरोबर थोडी दारू ओठांना आणि जिभेला लागते. दारूत चारांत तीन हिस्से सोरा. तो खारट, तोंडाची लाळ सुकवणारा. दहा-वीस बार काढलेल्या शिपायाचं तोंड काळं आणि कोरडं ठाक पडलेलं असे. ज्यांची नावं कोरेगावच्या जयस्तंभावर कोरली आहेत, त्यांच्या त्या दिवसाचा एक अंश या साध्या तपशिलातून आपल्यापर्यंत पोहोचतो. एवढं एक दृश्य नीट चित्रित झालं, तर दहा हजार माणसांच्या गर्दीपेक्षा ते जास्त सांगून जाईल असं मला मनापासून वाटतं.

३. टोपी आली, मग मागून भरणं आलं

यानंतर बदल भराभर झाले. गारेच्या जागी तांब्याची इवलीशी टोपी आली. तिच्यात आघाताने पेटणारं रसायन असतं. घोडा टोपीवर आपटला की आग थेट आत जाते, मग पाऊस असो की वारा. एन्फिल्डची १८५३ची रायफल या जातीची. तिच्या नळीला आतून पीळ दिलेला होता, त्यामुळे गोळी गरगरत सरळ आणि लांब जाई. पण काडतूस अजून कागदीच होतं आणि तोंडानेच फाडायचं होतं. त्याला लावलेल्या चरबीवरून १८५७ साली काय घडलं, ते सर्वांना ठाऊक आहे.

मग दारू, गोळी आणि टोपी ही तिन्ही पितळेच्या एका नळकांड्यात बसली. आज आपण काडतूस म्हणतो ते हे. आता बंदूक बुडाशी उघडून मागून भरता येऊ लागली. गज गेला, ठासणं गेलं आणि वीस सेकंदांचे चार-पाच झाले. सत्तावन्ननंतर इंग्रज सरकारने एक धोरण सांभाळलं: हिंदी पलटणींच्या हाती गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुनी बंदूक द्यायची. गोऱ्यांना मार्टिनी-हेन्री मिळाली, तेव्हा हिंदी शिपायांकडे स्नायडर आली.

४. सहा घरांची चक्री

तोवर अमेरिकेत सॅम्युअल कोल्टने दुसऱ्या बाजूने कोडं सोडवलं होतं. भरण्याचा वेळ कमी होत नसेल, तर आधीच पाच-सहा बार भरून ठेवायचे. १८३६ साली त्याने पेटंट घेतलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये नळीमागे फिरती चक्री होती. घोडा मागे ओढला की चक्री एक घर पुढे सरकते आणि भरलेलं घर नळीसमोर येतं. सुरुवातीला ही घरंही दारू, गोळी आणि टोपी घालून एकेक भरावी लागत. पितळी काडतूस आल्यावर १८७३ साली कोल्टचं जे मॉडेल निघालं, तेच पुढे काउबॉय चित्रपटांचं रिव्हॉल्व्हर झालं. त्यात घरं सहा असली तरी जाणती माणसं काडतुसं पाचच भरत. घोड्याखालचं घर रिकामं ठेवलं नाही, तर धक्क्याने बार उडायची भीती असे.

चक्रीचं गणित आपल्या सर्वांना एका चित्रपटाने दाखवलं आहे. ‘शोले’मध्ये (१९७५) हरून आलेल्या तीन साथीदारांसमोर गब्बर सहा गोळ्यांचं हत्यार हाती घेतो, तीन बार हवेत काढतो, चक्री गरगर फिरवतो आणि तिघांवर एकेकदा चाप ओढतो. तिघेही वाचतात. हे घडायची शक्यता किती?

चटकन वाटतं, प्रत्येकाला निम्मी, म्हणजे अर्ध्याचं अर्धं आणि त्याचं अर्धं, आठात एक. पण चक्री तशी चालत नाही. पहिले तीन बार ओळीने निघाले, त्यामुळे रिकामी काडतुसंही ओळीने तीन घरांत आहेत आणि भरलेली पुढच्या तीन घरांत. चक्री फिरून सहांपैकी कुठल्याही घरावर थांबू शकते. तिघेही वाचायचे, तर ती रिकाम्या ओळीच्या नेमक्या पहिल्या घरावरच थांबायला हवी. सहांतली एकच जागा. म्हणून उत्तर सहात एक. आणि तसं झालं की उरलेली तिन्ही घरं भरलेली असतात, म्हणून त्यानंतर जे घडतं त्याला लागणाऱ्या गोळ्याही बरोबर शिल्लक राहतात. पटकथेचा हिशेब चोख आहे. या चित्रपटाला मिळालेलं एकमेव फिल्मफेअर पारितोषिक संकलनाचं, एम. एस. शिंदे यांना मिळालेलं, हेही इथे सांगायला हवं. या प्रसंगातला ताण त्यांच्या कात्रीने राखला आहे.

५. काउबॉयच्या हाती चुकीच्या सालाची बंदूक

आता मूळ काउबॉय चित्रपट तपासू. जॉन फोर्डचा ‘स्टेजकोच’ (१९३९) १८८०च्या आसपासची गोष्ट सांगतो. जॉन वेनच्या हातातली खटका ओढून भरायची विंचेस्टर रायफल मात्र १८९२च्या मॉडेलची आहे. फोर्डचाच ‘द सर्चर्स’ (१९५६) सुरू होतो १८६८ साली आणि त्यात १८७३चं कोल्ट वावरतं. सर्जिओ लिओनीचा ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ (१९६६) १८६२च्या यादवी युद्धात घडतो. त्यातल्या नायकाचं कोल्ट पितळी काडतुसं घालण्यासाठी बदललेलं आहे आणि तसे बदल त्यानंतरच्या दशकातले. अशा वेळी कमरेचा पट्टा पाहावा. त्यावर पितळी काडतुसांची रांग असेल आणि कथा १८६२ची असेल, तर काळ जुळत नाही.

एवढ्या मोठ्या दिग्दर्शकांकडून असं का व्हावं? कारण व्यवहारी आहे. चित्रीकरणात गोळी नसलेली, आवाज आणि जाळ देणारी काडतुसं लागतात. हॉलिवुडने त्यासाठी एकच काडतूस असं तयार करून घेतलं होतं, की ते पाच प्रकारच्या हत्यारांत चाले. १८७३चं कोल्ट आणि १८९२ची विंचेस्टर दोन्ही त्यात बसत. स्टुडिओला हत्यारं भाड्याने पुरवणाऱ्यांकडे हीच जोडी ढिगाने असे. धूळ, घोडे आणि पहाटेची घाई यांत एकाच जातीची काडतुसं बाळगणं सोयीचं होतं. सोय जिंकली आणि जगभरच्या प्रेक्षकांच्या मनात तो काळ त्या जोडीनेच पक्का बसला.

उलट उदाहरणही आहे. अँथनी मानच्या ‘विंचेस्टर ७३’ (१९५०) या चित्रपटात १८७३ची रायफल हीच मध्यवर्ती गोष्ट आहे. १८७६च्या नेमबाजीत जिंकलेली ती रायफल हातोहात फिरते आणि कथा तिच्यामागे जाते. हत्याराचं साल पाळलं म्हणून कथा कुठेच अडली नाही.

दुसरी चूक धुराची आणि ती जवळजवळ सगळ्यांची आहे. जुन्या दारूचा धूर पांढरा आणि दाट असतो. दोन-तीन फैरींनंतर समोरचं दिसेनासं होई. बिनधुराची दारू फ्रान्समध्ये निघाली ती १८८४च्या सुमारास. पडद्यावर मात्र शंभर बारांनंतरही आकाश स्वच्छ असतं. कॅमेऱ्याला नट दिसायला हवा, ही अडचण मला कळते. तरीही कोरेगावच्या गल्लीतला शिपाई धुरात, अंदाजाने लढला असणार, हे दाखवायचं कोणी मनावर घ्यावं.

६. त्याच काळातली धामारी

अमेरिकेतली प्रसिद्ध टूमस्टोनची चकमक २६ ऑक्टोबर १८८१ची. साधारण तीस सेकंदांत तीसेक गोळ्या सुटल्या. त्याच्या सुमारे पावणेतीन वर्षं आधी, फेब्रुवारी १८७९मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांनी शिरूर तालुक्यातल्या धामारी गावावर पहिला छापा घातला. दुष्काळाने पिचलेला मुलूख, रामोशी साथीदार आणि घोड्यावरचा बंडखोर. काउबॉय चित्रपटाला लागणारं सगळं इथे आहे आणि काळही तोच.

बंदुकीच्या बाबतीत मात्र दोन जगं होती. अमेरिकेत सहाबारी रिव्हॉल्व्हर दुकानात मिळे. इथे १८७८च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगायला बंदी घातली होती, गोऱ्यांना सूट होती. सरकारी फौजेकडे मागून भरायच्या रायफली आणि बंडखोरांची भिस्त तलवारी, भाले व मिळतील त्या बंदुकांवर. फडके जुलै १८७९मध्ये पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ला एडनच्या तुरुंगात वारले. २००७ साली गजेंद्र अहिऱ्यांनी त्यांच्यावर चित्रपट केला. या विषयात आणखी चित्रपटांना जागा आहे. त्या बंडाचं धाडस समजायचं, तर दोन्ही बाजूंच्या हातांत काय होतं ते पडद्यावर दिसायला हवं.

ठासणीची बंदूक आजही कायद्यातून गेलेली नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यात शेतकऱ्याला पीक राखण्यासाठी तोंडाकडून भरायच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे.

७. पुढचा चित्रपट पाहताना

तीन जागा पाहाव्यात. घोड्यापाशी धुमसती दोरी आहे, गार आहे, की टोपी? बार झाल्यावर माणूस गज उपसतो, की नुसताच पुन्हा नेम धरतो? कमरेला कागदी पुड्यांची पेटी आहे, की पितळी काडतुसं? या तीन खुणांवरून बंदुकीचं दशक बहुतेकदा सांगता येतं. खऱ्या वस्तू पाहायच्या असतील तर पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या शस्त्रांचं दालन आहे. मुलांना घेऊन जावं आणि रंजकीची वाटी व कान त्यांना स्वतः शोधू द्यावेत.

मराठी ऐतिहासिक चित्रपट करणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. तलवारबाजी शिकवायला तुम्ही उस्ताद आणता, तसा बंदूक भरायला शिकवणारा जाणकारही आणा आणि एका प्रसंगात तरी पूर्ण बार भरताना दाखवा, पुडी फाडण्यापासून चाप ओढण्यापर्यंत. समोरून घोडा येतो आहे, हातात गज आहे आणि पंधरा सेकंद उरलेत, एवढं प्रेक्षकाला कळलं की त्या प्रसंगाला पार्श्वसंगीताचीही गरज पडणार नाही.